वानराच्या तेरवीचं पान

अप्पांनी मला खोली दाखवायच्या आधी जेवायला बसवलं. पोस्टात बदली झाली म्हणून मी उमरीहून लातूरला आले होते. एस.टी.चा प्रवास अंगात मुरलेला, हातात दोन पिशव्या, आणि खोली मिळाली तर सामान टाकून आडवं व्हावं एवढीच इच्छा. पण घरमालक किल्ली देईनात. आधी भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, वरून तूप. मी हात आडवा धरला तर त्यांनी हाताच्या बाजूनं वाढलं. या घरात हात आडवा धरून उपयोग नसतो हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

आता मी नांदेडला असते. नोकरी संपत आली आहे. शनिवार आला की शेजारणी पिशवीत केळी, फुटाणे घेऊन इथल्या बागेतल्या वानरांकडे निघतात आणि 'चला की हो' म्हणून मला हाका मारतात. मी गुडघ्याचं कारण सांगते. खरं कारण सांगायचं तर अप्पा सांगावे लागतील, आणि तेवढं ऐकायला कुणाला वेळ आहे. शिवाय सांगून काही बदलतं यावरचा माझा विश्वास अप्पांसोबतच थकून गेला.

अप्पा म्हणजे आमचे घरमालक. लिंगायत समाजात मोठ्या माणसाला अप्पा म्हणतात, तेच त्यांचं गल्लीतलं नाव. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. अप्पा उंच, वाळके, धोतर आणि पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग. कापडाचं दुकान त्यांनी मुलांच्या हवाली केलं होतं, पण दुकान त्यांच्या बोटांतून गेलं नव्हतं. समोरचा माणूस बोलत असला की हे त्याची बाही किंवा पदराचा काठ दोन बोटांत धरून चोळत राहायचे आणि मध्येच म्हणायचे, "धुतल्यावर आटंल हे." एकदा घरपट्टीच्या कामासाठी साहेब आले होते. साहेब नियम सांगत होते आणि अप्पा त्यांची बाही चोळत होते. साहेब नियम अर्धाच टाकून गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची हुग्गी. उखळात कांडून सडलेल्या गव्हाची, गुळाची दाट खीर, तिला तिकडे हुग्गी म्हणतात. मठातली जत्रा असो, कुणाचं लग्न असो, कढईपाशी अप्पाच. एक पैसा घ्यायचे नाहीत. दासोह म्हणजे येईल त्याला जेवू घालणं, हे त्यांचं देवाधर्माचं सगळं सार होतं. पंगत बसली की बादली घेऊन ओळीतून फिरायचे आणि कुणी पान अर्धं टाकून उठलं तर पुढं दोन दिवस अक्कांना म्हणत राहायचे, "गूळ कमी पडला का गं? का जळकट लागली?" अक्का वैतागून म्हणायच्या, "त्याचं पोट बिघडलं असंल की वो."

आणि असा हा माणूस दर शनिवारी सकाळी आमच्या कॉलनीजवळच्या बागेच्या फाटकात बसून लोकांना वाढू देत नव्हता.

बागेत वानरांचा कळप होता. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. 'प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत' अशी पाटी होती. तिच्या खांबाला लोक केळ्यांची पिशवी अडकवायचे आणि वानर पाटीवर बसून ती सोलायचं. अप्पा पाटीखाली बसायचे. शेजारी एक रिकामं पोतं. कुणी पिशवी घेऊन आलं की म्हणायचे, "हितं टाका. दवाखान्यात पेशंटसोबत आलेली माणसं झाडाखाली बसून राहिलीत, त्यांला देतो."

पहिल्यांदा मी त्यांच्यासोबत गेले तेव्हा एक बाई फुटाणे घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अप्पा, लेकाला साडेसाती हाय. शनिवारी वानराला घालायला सांगितलंय."

"कुठवर घालायचं?"

"सुटंपर्यंत."

"तुमच्या लेकाची सुटंल वो. आन् ह्यांची कवा सुटायची?"

बाई हसल्या, आणि त्यांच्या बाजूनं आत जाऊन फुटाणे टाकून आल्या. बहुतेक जण असंच करायचे. जे पोत्यात टाकायचे त्यांच्यातले काही नंतर सांगायचे की म्हातारा केळी बाजारात विकतो. अप्पांच्या कानावर ते आलं होतं. "विकतो म्हणू देत," ते म्हणाले, "टाकायलेत ना पोत्यात?" मला मात्र राग यायचा. त्यांनी एकदा तरी भांडावं असं वाटायचं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ झालं. पाहुण्याला वाढावं. वांदरू पाहुणं न्हाई. ते त्याच्या घरी हाय, झाडावर. त्याच्या घरात शिरून त्याला तुम्ही काय वाढायलात?

हे सगळं सुरू कुणी केलं होतं, ते मला अक्कांनी सांगितलं. अप्पांनीच.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात माळावरची वानरं शहरात उतरली. झाडांचा पाला करपला होता. एक पिल्लू आमच्या गच्चीवर टाकीच्या नळाला चिकटून बसलेलं अप्पांनी पाहिलं. माणसांनाच पाणी नव्हतं, तरी ते रोज बादलीभर पाणी आणि टोपलीभर भाकरी घेऊन बागेत जायचे. लोकांनी पाहिलं, लोकांनीही नेलं. पेपरात आलं. पुढं पाऊस पडला, माळ हिरवा झाला, आणि वानरं परत गेली नाहीत. कशाला जातील? टोपली बागेत येत होती.

अप्पांनाही ते लगेच उमगलं नाही. उमगलं ते येळवशीला. वेळ अमावस्येला आमच्याकडे सगळं शहर शेतात जातं. कडब्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, तिथं पूजा करायची, भज्जी म्हणजे शेंगा-डाळींची मिसळ भाजी आणि आंबील घेऊन पंगती बसवायच्या, ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. लातूर त्या दिवशी ओस पडतं. अप्पा जेवून लवकर परतले आणि बागेवरून आले. फाटकाच्या भिंतीवर सगळा कळप ओळीनं बसलेला. रस्त्याकडे तोंड करून. मागं वडाचा हिरवागार पाला, चिंचेला चिंचा लोंबत होत्या, आणि एकानंही हात वर केला नव्हता. माणसं कधी येतात याची वाट बघत होती.

"माझ्या दुकानाच्या पायरीवर असं बसायचे लोक, दुकान उघडायच्या आधी," अप्पा म्हणाले. "पण त्यांला घरं होती, जायला."

त्यानंतरच्या शनिवारपासून ते पोतं घेऊन बसू लागले. म्हणजे ज्यानं टोपली सुरू केली त्यालाच ती बंद करायची होती, आणि लोकांना यातलं पहिलंच तेवढं आठवत होतं. "तुम्हीच तर शिकवलं अप्पा," असं म्हणून ते फुटाणे टाकायचे.

कळपातल्या थोराड नराला सगळे पाटील म्हणायचे. तो हातातून केळं घ्यायचा. मिळालं नाही तर पदर ओढायचा, पुढं पुढं तर थोबाडीत द्यायचा. शाळेतल्या एका मुलीच्या मनगटाला चावला. तिला दवाखान्यात अप्पांनीच नेलं. बाहेर लोक म्हणत होते की पोरीनंच हात मागं घेतला, देवाला असं फसवू नये. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. अक्कांनी दोनदा ताट वाढून झाकून ठेवलं.

मग पाटील गेला. केळ्यांचा गाडा रस्त्याच्या पलीकडे असायचा. कुणी मोटरसायकलवाल्यानं तिथं केळी घेतली आणि रस्ता ओलांडायचाही कंटाळा आला म्हणून तिथूनच घड वर धरून हाक मारली. पाटील भिंतीवरून उतरला आणि मध्ये ट्रक आला. मी कामावरून परतत होते. लोक जमले होते. बायका रडत होत्या, खरंच रडत होत्या, मी कुणाची थट्टा करत नाही. त्यांच्यातल्या अर्ध्याजणींनी त्याला हातानं भरवलेलं होतं.

त्याची अंत्ययात्रा निघाली. हार, गुलाल, टाळ-मृदंग. आणि जिथं तो पडला तिथंच, रस्त्याच्या पलीकडल्या कडेला, मोकळ्या जागेत, आठवड्याच्या आत ओटा बांधून झाला. शेंदूर लावलेला दगड बसला. आता लोक केळी बागेत नेईनात, ओट्यावर ठेवू लागले, आणि वानरं ती खायला तोच रस्ता ओलांडू लागली. अप्पा बागेत आणि ओट्यावर अशा चकरा मारू लागले. वयानं ते जमण्यासारखं नव्हतं.

कॉलनीच्या मंडळाचा अध्यक्ष होता, त्याला सगळे भाऊ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. तो एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर आला आणि म्हणाला, "अप्पा, पाटलाची तेरवी करायलोत. साऱ्या कॉलनीला जेवण. हुग्गी तुमच्या हातची पायजे."

अप्पा बराच वेळ त्याची बाही चोळत बसले. मग म्हणाले, "करतो. पण माणसं जेवतील. वांदराला एक शीत टाकायचं न्हाई. तेवढं कबूल कर."

"हाव, कबूल."

"आन् जेवण झालं की मी सगळ्यांशी बोलणार. ह्या ओट्यावर कुणी काय ठेवू नका म्हणून."

"बोला की. तुमचं कोण न्हाई ऐकणार?"

अप्पांना ते खरं वाटलं. पोट भरलेला माणूस ऐकतो, असं ते मला रात्रीच्या जेवणाला म्हणाले. बऱ्याच दिवसांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. त्यांनी गहू स्वतः निवडले.

तेरवीला ओट्याशेजारच्या मोकळ्या जागेत मांडव पडला. उन्हं चढली होती. माणसं आली, सतरंज्या भरल्या, पत्रावळी मांडल्या. अप्पा बादली घेऊन उभेच होते, तेवढ्यात कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं की आधी पान ठेवायला पाहिजे. मेलेल्याच्या नावानं पान ठेवायचं, कावळा शिवला की मगच पंगत बसवायची, ही आपली रीत. भाऊनं ओट्यावर पान वाढून ठेवलं. कावळे येईनात. मग दुसऱ्या कुणी म्हटलं, माणसाचं पान कावळा शिवतो, वानराचं पान वानरानंच शिवायला पाहिजे. हे सगळ्यांना एकदम पटलं. मलाही क्षणभर पटलं, इतकं ते आपल्या रीतीला धरून होतं.

अप्पा म्हणाले, "भाऊ, कबूल केलं होतंस."

"अप्पा, एक पान. एकदाच. त्याच्या आत्म्याचा प्रश्न हाय."

"आमच्यात न्हाई कावळ्याची वाट बघत. मेलेलं माणूस शिवाला मिळतंय, संपलं. बसवा पंगत."

पण पंगत काही अप्पांच्या समाजाचीच नव्हती. लोक उठून रस्त्याच्या कडेला गेले आणि पलीकडल्या भिंतीवरच्या वानरांना बोलावू लागले. "ये, ये." हात जोडून सुद्धा. एक मादी होती, पोटाला पिल्लू धरलेली. ती भिंतीवरून खाली आली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. एक टेम्पो गेला, ती मागं सरली. पुन्हा पुढं आली. कुणी केळं हलवलं. दोन पोरं हात पसरून गाड्या अडवायला रस्त्यात उभी राहिली, त्यांच्या बाजूनं एक मोटरसायकल सुळकन निघून गेली आणि मादी अर्ध्या रस्त्यातून परत फिरली. पिल्लू तिच्या पोटाखाली लोंबत होतं. "घाबरू नको माय, ये," असं एक बाई खरोखर पोटतिडकीनं म्हणत होती. मादी तिसऱ्यांदा निघाली.

अप्पांनी बादली खाली ठेवली. खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. ते ओट्यापाशी गेले, पायरी चढले, मांडी घालून बसले आणि पानातली हुग्गी कालवून खाऊ लागले.

कुणाला आधी कळलंच नाही. मग अक्कांच्या तोंडून "अगं माय" एवढं निघालं आणि सगळ्यांची तोंडं तिकडं वळली. हाका थांबल्या. अप्पा जेवत होते. घाईनं नाही. हुग्गी, भात, वरण, भाजी, पुरी, पानातलं सगळं. मेलेल्याच्या नावाचं पान जिवंत माणूस जेवतो आहे, हे त्या मांडवातल्या कुणीही कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी बोटानं पान निपटलं आणि ते दुमडलं.

"अप्पा, काय करायलात तुम्ही?" भाऊचा आवाज रडका झाला होता.

"शिवलं मी," अप्पा म्हणाले. "बसवा आता पंगत."

पलीकडे हाका थांबल्यामुळे मादी भिंतीवर परत जाऊन बसली होती. इकडे एका बाईनं आपलं लेकरू उचललं आणि ती निघाली. मग तिची जाऊ. मग ओळच्या ओळ. अप्पांनी हात धुऊन बादली उचलली होती आणि ते रिकाम्या होणाऱ्या सतरंज्यांमधून फिरत होते. "अरे बसा की. गरम हाय. बस रे, तुला आवडती ना?" लोक त्यांचा स्पर्श चुकवून जात होते. ज्या माणसाला अर्धं टाकलेलं पान सहन व्हायचं नाही, त्याच्या हातावरून अख्खी कॉलनी उपाशी उठली. मला तिथं उभं राहवेना, पण अक्का हलेनात म्हणून मी थांबले. कढई तशीच भरलेली होती.

त्या दिवसापासून अप्पांच्या हातचं कुणी खाल्लं नाही. लग्नांना दुसरा आचारी येऊ लागला. गल्लीतल्या हळदी-कुंकवाची हाक आमच्या दारावरून पुढं जाऊ लागली. अक्का दार लोटून घ्यायच्या.

आणि पुढच्याच शनिवारी अप्पांच्या लक्षात आलं. ते थकून ओट्याच्या पायरीवर बसले होते. केळी घेऊन एकजण आला, त्यांना पाहिलं आणि तसाच मागं फिरला. दुसराही फिरला. मेलेल्याचं पान जेवलेल्या माणसासमोर नैवेद्य ठेवला तर तो लागत नाही, उलट अंगावर येतो, असं लोकांनी आपसात ठरवून टाकलं होतं. जे पाटीनं झालं नाही, इतकी वर्षं हात जोडून झालं नाही, ते आता नुसतं बसून होत होतं. त्यांनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "बोलायचं काम न्हाई राहिलं, ताई. बसलं की झालं."

मग ते रोजच बसू लागले. सकाळी ओट्यावर, दुपारी फाटकात. ते उठले की अर्ध्या तासात केळी यायची, म्हणून जेवायलाही घाईनं यायचे. तरी वानरांचं रस्त्यावर येणं कमी झालं. काही दुपारी ती चिंचेवर दिसायची. कळप माळावर परत गेला वगैरे काही घडलं नाही, तसं मी सांगणार नाही.

माझी नांदेडला बदली झाली त्या उन्हाळ्यात, निघायच्या आधी, बसव जयंतीला अप्पांनी हुग्गी केली. पहाटेपासून कढईपाशी होते. गल्लीत घरोघर स्वतः जाऊन सांगून आले होते. लोक दारात उभे राहून "हाव, येतो की अप्पा" म्हणाले होते. दुपार कलली. मी जेवले, पोट भरून जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतलं. दारात आणखी कुणी आलं नाही.

अक्का पत्रावळी गोळा करता करता म्हणाल्या, "वांदरासाठी माणसं घालवली तुम्ही."

अप्पांनी सगळी हुग्गी डब्यांत भरली. आम्ही दोघं रिक्षातून ती दवाखान्याच्या आवारात नेऊन वाटली. तिथल्या परगावच्या माणसांना काही माहीत नव्हतं; त्यांनी खाल्ली, चांगली म्हणाले. येताना अप्पा ओट्यापाशी उतरले आणि पायरीवर बसले. मीही बसले. रस्ता तापला होता. पलीकडे भिंतीवर पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती.

एक रिक्षा थांबली. आतून एक बाई उतरल्या, हातात केळ्यांची पिशवी, चेहरा उन्हानं लाल झालेला, श्वास लागलेला. बहुतेक लांबून आल्या होत्या. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं. रिक्षावाला त्यांना हळूच काहीतरी म्हणाला. बाईंनी पिशवी पदराखाली घेतली, पटकन परत आत बसल्या आणि रिक्षा वळली.

वानरं भिंतीवरच होती. अप्पा रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत तिकडं बघत राहिले.

"उन्हाची आली होती बिचारी," ते म्हणाले, "पाणी तरी पिऊन जायची."